मुंगसाला एक स्टार

मावसबहिणीच्या कंपनीला मुंगसाच्या कार्टूनचा गेम करायला मिळाला, ही बातमी मावशीनं घरच्यांच्या ग्रुपवर टाकली तेव्हा मी लोणी देवकरला, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डबा खात होते. फोटोत बहीण एका मोठ्या स्क्रीनसमोर उभी होती आणि स्क्रीनवर आमचं मुंगूस. खाली मावशीनं लिहिलं होतं, 'लहानपणीचं वेड कामाला आलं.' सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मीही पाठवल्या. डबा मात्र अर्धाच झाकून ठेवला. कारण ते वेड माझं होतं, तिचं नव्हतं.

मी मूळची बारामतीकडच्या लोणी भापकरची. आमच्या घरी टीव्ही होता, पण दुपारी वीज नसायची. मावशी बारामतीत राहायची, काका बँकेत होते, घरात इन्व्हर्टर होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडं जायची ते मुंगसाच्या कार्टूनसाठी. कोरड्या विहिरीच्या दगडांत राहणारं एक मुंगूस आणि त्याची मैत्रीण एक म्हातारी टिटवी, एवढंच त्यात होतं. साप यायचे, कोल्हे यायचे, पण मुंगूस कुणाला कधी मारायचं नाही. मागच्या पायांवर उभं राहून आधी नीट ऐकायचं आणि मग अशी काही युक्ती करायचं, की साप स्वतःच्याच शेपटीची गाठ मारून बसायचा.

भाग संपला की मी काकांच्या बँकेच्या जुन्या डायऱ्यांत मुंगूस काढायची. विहिरीखालचे बोगदे, त्यातले चोरदरवाजे, पुढच्या भागात काय होणार, सगळं काढायची. बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिला मुंगसाची शेपूटसुद्धा जमायची नाही, मांजराची व्हायची. ती शेजारी बसून रंग भरायची आणि "ताई, आता काय होणार?" असं विचारत राहायची.

पुढं तिला कॉम्प्युटर मिळाला, बारावीनंतर पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स मिळाला. मी बी.एस्सी. केलं, लग्न होऊन इंदापूरला आले आणि कारखान्यात क्वालिटीला लागले. बाटल्यांची झाकणं तपासायची, कडेला जादा प्लॅस्टिक राहिलेलं किंवा आटे नीट न बसणारं झाकण बाजूला काढायचं. काम मला येतं आणि आवडतंही. पण त्या फोटोनंतर काही दिवस हातात झाकण घेतलं की वाटायचं, ही तिथं मुंगूस करतेय आणि मी इथं झाकणं बघतेय.

गेम बाजारात यायच्या दोन महिने आधी तिनं मला एक लिंक पाठवली. 'ताई, अजून कच्चा आहे. खेळून सांग ना कसा वाटतो.' मी लिहिलं, 'कामाचा लोड आहे गं, बघते.' मी ती लिंक उघडलीच नाही. कामाचा लोड वगैरे काही नव्हता. तिनं केलेलं चांगलं निघालं तर ते मला तिला सांगावं लागलं असतं, आणि तेच मला नको होतं.

गेम आला त्या रविवारी सकाळी मी तो फोनवर घेतला आणि दुपारपर्यंत खेळत बसले. नवरा डाळिंबाच्या बागेतून जेवायला आला.

"काय चाललंय सकाळधरनं?" त्यानं विचारलं.

"बहिणीचा गेम हाय. बघतीय."

"बरा हाय का?"

"न्हाय," मी म्हणाले. माझ्या आवाजातला आनंद मलाच ऐकू आला. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हात धुवायला गेला.

गेम खरंच वाईट होता. मुंगूस बुक्क्या मारत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच तीन साप त्याच बिळांतून यायचे आणि मुंगसानं त्यांना बडवायचं. उडीचं बटण दाबलं की मुंगूस जरा विचार करून उडायचं, तोवर साप चावलेला असायचा. एका ठिकाणी ते भिंतीत घुसलं आणि बाहेरच येईना. टिटवीचं तर दुकान करून टाकलं होतं. तिच्याकडं जायचं, काठी घ्यायची आणि पुन्हा मारामारी. मुंगसाचा आवाजही दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

मी शेवटपर्यंत खेळले ते गेमसाठी नाही. त्यात मी माझं काहीतरी शोधत होते. माझा एखादा बोगदा, एखादा चोरदरवाजा. तो सापडला असता तर मी मावशीपासून सगळ्यांना सांगणार होते, की हे माझं आहे, हिनं माझं घेतलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण शेवटचा साप मेला, नावांची यादी वर सरकत गेली, तिचं नाव येऊन गेलं, आणि माझं त्यात काहीही नव्हतं. तिनं चोरी केली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

मग मी रिव्ह्यू लिहिला. खोट्या नावानं, एक स्टार देऊन. कारखान्यात माल परत पाठवताना दोष लिहितो तसं एकेक लिहिलं. उडी, भिंत, तेच साप. आणि शेवटी लिहिलं, 'ज्यांनी हा गेम केला त्यांनी कार्टून बघितलेलं नाही. हे मुंगूस मारत नाही. ते आधी उभं राहून ऐकतं. ज्याला ऐकणं दाखवता येत नाही, त्यानं मुंगसाच्या वाटेला जाऊ नये.' पाठवल्यावर छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

महिन्याभरानं काका निवृत्त झाले. बारामतीला जेवण होतं. पंगती उठल्यावर बहीण मला वरच्या खोलीत घेऊन गेली. ती वाळली होती. खाली सगळ्यांनी तिला गेमबद्दल विचारून विचारून भंडावलं होतं आणि ती नुसती हसत होती.

"ताई, तू खेळलीस का गं?"

"थोडा."

"खरं सांग."

"बराय की."

"बरा नाहीये. मला माहिती आहे." ती पलंगावर बसली. "वर्षभर मी मीटिंगमध्ये सांगत होते, की ते मारामारी करत नाही. ते म्हणायचे, ॲक्शन गेम आहे, पोरांना मारायला काहीतरी पाहिजे. मी नवीन. माझं कोण ऐकणार?"

मी उशीचा अभ्रा नीट करत बसले.

"एक रिव्ह्यू आलाय," ती म्हणाली. "एकच स्टार दिलाय. खूप लागेल असं लिहिलंय. पण ज्यानं लिहिलाय ना, त्याला मुंगूस कळलंय. मी वर्षभर जे सांगत होते ते त्यानं चार ओळींत सांगितलंय. मी त्याची प्रिंट काढून टेबलासमोर लावलीय. कोण असेल गं तो? असा माणूस टीममध्ये असता तर..."

ती त्या माणसाबद्दल बोलत राहिली आणि मला त्याचा हेवा वाटायला लागला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. तो माणूस मीच होते, पण ती कौतुक त्याचं करत होती, माझं नाही. ते मला सहन झालं नाही.

"मी लिहिलाय," मी म्हणाले.

"काय?"

"तो रिव्ह्यू. मीच लिहिलाय."

तिला आधी चेष्टा वाटली. मग मी शेवटच्या ओळी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. तिचा चेहरा उतरला. खाली भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"मी तुला लिंक पाठवली होती," ती म्हणाली. "दोन महिने आधी. तेव्हा सांगितलं असतंस तर निदान उडी तरी नीट करता आली असती. तू म्हणालीस, लोड आहे."

"लोड नव्हता."

"मग?"

"तुझा गेम होता म्हणून," मी म्हणाले. आणि आता तोंड उघडलंच होतं, म्हणून विचारलं, "माझं काहीच का नाही घेतलंस त्यात?"

ती म्हणाली, "तुझ्या डायऱ्या नेल्या होत्या मी. पहिल्याच मीटिंगला. ते म्हणाले, कार्टूनवाल्यांनी दिलंय तेवढंच वापरायचं, बाहेरचं काही चालणार नाही. आणि नेल्या होत्या हे तुला सांगितलं असतं, तर नाही म्हणाले हेही सांगावं लागलं असतं."

मग ती उठून खाली गेली. मी निघाले तेव्हा मावशीनं डब्यात बुंदी भरून दिली, बहीण बाहेर आली नाही. इंदापूरच्या एस.टी.त बसून मी डायऱ्यांचाच विचार करत होते. माझी चित्रं पुण्यातल्या एका टेबलावर उघडी पडली होती, चार माणसांनी ती बघितली होती. नाही म्हणाले याचं वाईट वाटलं, पण बघितली म्हणून जरा फुगलेही.

पाच महिने तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मग मावशीकडून कळलं, की कंपनीनं गेम बंद केला आणि त्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना घरी पाठवलं. बहीण बारामतीला परत आली होती. मी रजा टाकून गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. घरात शिरले तर अकरा वाजले होते, ती पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, मावशी तिला दुसरा चहा देत होती आणि उन्हात बसू नकोस म्हणत होती. मी पहाटे उठून दोन डबे करून, एस.टी.त उभी राहून आले होते. नोकरी गेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी माफी मागितली. ती म्हणाली, "चुकीचं काही लिहिलं नव्हतंस. पण तू लिहायला नको होतंस." मी म्हणाले, "व्हय." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दुपारी तिनं मुलाखतीसाठी केलेला एक छोटा खेळ दाखवला. मी तो दोनदा खेळले आणि कागदावर दोष लिहून दिले. तिनं कागद वाचला, दोन ठिकाणी वाद घातला, बाकीचं रात्रीपर्यंत दुरुस्त केलं.

आता तिला पुण्यात दुसरी नोकरी आहे. काहीही नवीन केलं की ती मला आधी पाठवते आणि मी लगेच उघडते. माझं नाव कशातच नसतं. ते मनाला लागतं, आणि हे मी तिला एकदा सांगितलंही. ती म्हणाली, "माझंही शेवटून तिसरं असतं, कोण वाचतंय?" मला ते शेवटून तिसरं चाललं असतं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नवं ऑफिस नवव्या मजल्यावर आहे म्हणाली. मी विचारलं, "खिडकीजवळ बसतीस का?"

"नाही गं. पार आत, लिफ्टच्या भिंतीला लागून."

"असू दे," मी म्हणाले, आणि मला बरं वाटलं.