इरल्याचा बोर्ड

भाची आमच्याकडं राहायला आली तेव्हा तिच्या पाठीवर एक निळी बॅग होती. ती तिनं पहिल्या दिवशी खाटेखाली सरकवली आणि तिथंच ठेवली. कपडे हवे असले की चेन उघडायची, फ्रॉक काढायचा, चेन लावायची. धुतलेले कपडे वाळले की घड्या घालून परत बॅगेत. मी तिच्यासाठी कपाटातला अख्खा कप्पा रिकामा केला होता, पेपर अंथरला होता, डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. त्या गोळ्यांशिवाय कप्प्यात काही गेलं नाही.

तिची आई म्हणजे माझी नणंद. थंडीत गेली, तापाचं निमित्त झालं. बाप कसाऱ्याला रेल्वेत कामाला, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. चौथीतल्या पोरीला एकटं कुठं ठेवणार? म्हणून शाळा उघडायच्या आधी दाजींनी तिला शेणव्याच्या पुढं आमच्या गावी, मामाच्या घरी आणून सोडली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, दिवाळीपर्यंत बघू. नाय रमली तर वसतिगृहात नाव घालतो. तुमच्यावर जबरदस्ती नाय."

"जबरदस्ती कसली, दाजी? भाची हाय ना आमची," मी म्हटलं. पण वसतिगृह हा शब्द माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. आम्हाला मूलबाळ नाही. मला ती पोरगी हवी होती, खोटं कशाला बोलू.

आता माझा स्वभाव ऐका. मी मुरबाडकडची, धसईची. आमच्या माहेरी माया पण ओरडूनच करतात. "जेव गो नीट, काय चिमणीसारखी टिपतेस!" असं मी म्हटलं की पोरगी दचकायची. "हो मामी," म्हणायची आणि घास उचलायची. हट्ट नाही, तक्रार नाही, भूक लागली असंसुद्धा कधी आपणहून म्हणाली नाही. पाहुण्यासारखी वागायची. मला तर वाटायचं, एकदा तरी हिनं ताट ढकलावं, म्हणजे मला हक्कानं रागवता येईल.

चित्रं मात्र काढायची. अभ्यास झाला की पडवीच्या खोलीत खाटेवर पालथी पडून तासन् तास रंगवत बसायची. शाळेतल्या बाईंनीही तिच्या हाताचं कौतुक केलं होतं. पण चित्र झालं की तेही बॅगेत. मी मागून डोकावले तर पटकन कागद उलटा.

अशात मोबाइलवर मला एक व्हिडिओ दिसला, 'मुलांच्या खोलीसाठी टाकाऊतून डिस्प्ले बोर्ड'. नखांना गुलाबी पॉलिश लावलेली बाई काय काय टाकाऊ म्हणून दाखवत होती! कोरी चादर काय, लाकडी फ्रेम काय. असल्या वस्तू आमच्याकडं पाहुणे यायचे म्हणून जपून ठेवतात. पण कल्पना मला पटली. भिंतीवर तिची चित्रं लागली तर ती खोली तिची होईल, असं माझं साधं गणित होतं. शहापूरच्या बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, तसला बोर्ड कल्याणहून मागवावा लागेल. म्हटलं राहू दे तुझा बोर्ड, घरातच करते.

फ्रिजचा खोका होता. तो उलगडला, कापला, त्यावर माझी जुनी हिरवी साडी ताणून बसवली. आणि चिकटवायला काय, तर भात. आमच्या घरात डिंक कधी कुणी विकत आणला नाही. पुस्तकांना कव्हर घालायची भातानं, पाकीट बंद करायचं भातानं, पतंगसुद्धा भातानंच चिकटायचा. मी मऊ शिजवलेला भात घेतला, चांगला घोटला आणि साडी चिकटवली. बोर्ड दिसायला झकास झाला. मग मी पोरीपुढं उभी राहिले आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं, "एक तरी चित्र दे ना गो. एकच."

तिनं खाटेखालून बॅग ओढली. मग चेन उघडून एक कागद काढून दिला. कसाऱ्याची क्वार्टर, मागं घाट आणि दारात उभी असलेली तिची आई. ते चित्र मी भातानंच बोर्डाच्या मधोमध चिकटवलं आणि बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात भाताची कणगी आहे. आणि कणगी म्हटलं की उंदीर आलेच. एवढी वर्षं त्या घरात काढली, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळी जाऊन बघते तर बोर्डाच्या कडा कुरतडलेल्या, साडीला भोकं आणि चित्र अर्धं गेलेलं. क्वार्टर राहिली होती, घाट राहिला होता. दारातली आई नव्हती.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं उरलेला कागद अलगद सोडवला, घडी घातली, बॅगेत ठेवला आणि चेन लावली. "असू दे मामी," म्हणाली. मी उंदरांना शिव्या घातल्या, कणगीला घातल्या, अंगणात दात घासत असलेल्या नवऱ्यालाही घातल्या, की मांजर पाळू देत नाहीस म्हणून. त्यानं चूळ भरली आणि कामाला गेला. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. वाटलं, आता ही काय राहत नाही आपल्याकडं.

संध्याकाळी नवरा घरी आला तो थेट शिडी लावून माळ्यावर चढला. खाली उतरला तेव्हा हातात एक इरलं होतं, धुरानं काळं पडलेलं. आता आवणीला सगळे प्लास्टिक पांघरतात, पण पूर्वी वाकून भात लावताना डोक्यावरून पाठीवर इरलंच घ्यायचे. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी आणि मध्ये पळसाची पानं. इरलं ज्याच्या त्याच्या मापाचं बनवायचे. उंचाचं बुटक्याला चालत नाही, मागं चिखलात घासतं. म्हणून लग्न होऊन गेलेल्या मुलीचं लहानपणचं इरलं दुसरं कुणी घेत नाही, ते माळ्यावरच राहतं.

"हे तुझ्या आईचं," नवरा भाचीला म्हणाला. "तुझ्याएवढी व्हती तवाचं. हे बघ, डोक्याला टोचतं म्हणून चिंधी बांधलेली. रोज भांडायची आमच्याशी, माझ्या इरल्याला हात लावू नका म्हणून."

पोरगी पुढं आली. चिंधीवरून बोट फिरवलं. मग काही न विचारता इरल्याखाली शिरली आणि उभी राहिली. काय सांगू, डोक्यापासून कमरेपर्यंत बरोब्बर बसलं. आतून तिचा आवाज आला, "मामा, आई खरंच भांडायची?"

"भांडायची? चावायची," नवरा म्हणाला.

आतून हसू आलं. आमच्या घरातलं तिचं ते पहिलं हसू. मी पदर तोंडाला लावून चुलीकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून इरलं झटकलं, कुजकी पानं काढली, कामट्या ओल्या फडक्यानं पुसल्या. चिंधी तेवढी तशीच ठेवली. पोटाची बाजू बाहेर करून ते तारेनं भिंतीवर उंच टांगलं, उंदराचा बापही पोचणार नाही असं. आणि जाळीला अडकवायला कपड्यांचे चिमटे. माझे सगळे चिमटे तिकडं गेले, कपडे वाऱ्यानं उडून शेजारच्या कुंपणावर जायला लागले, तरी मी ब्र काढला नाही. पोरीनं पहिलं चित्र लावलं ते शेतात वाकलेल्या, इरलं पांघरलेल्या एका मुलीचं. मग हळूहळू बाकीचीही बॅगेतून बाहेर आली. बॅग मात्र खाटेखालीच होती आणि दिवाळी जवळ येत होती.

दाजी आले त्या दिवशी मी करंज्यांत गुंतले होते. पोरीनं सकाळी माझ्याकडं दाभण आणि जाड दोरा मागून नेला होता. कशाला ते विचारायलाही मला सवड नव्हती. दाजींनी चहा घेतला आणि म्हणाले, "चल बाळा, बॅग आण. दिवाळी कसाऱ्याला करू. पुढचं मग ठरवू." माझ्या हातातली करंजी हातातच फुटली.

ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. बॅगेचं पोट कापलेलं होतं, पुढचा चेनचा कप्पा सगळाच्या सगळा गायब. "अगो, चांगली बॅग कापलीस?" मी सवयीनं ओरडले. या वेळी ती दचकली नाही.

"मामी, पेन्सिली सारख्या खाली पडत होत्या," ती म्हणाली. "इरल्याला खिसा लावला."

आम्ही खोलीत गेलो. इरल्याच्या खालच्या अंगाला तो निळा कप्पा दाभणानं शिवलेला होता, टाके वेडेवाकडे, आत पेन्सिली आणि रंगांची डबी. इरलं कुणाचं ते पोरीनं सांगितलं, तसा दाजींनी त्या चिंधीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आणि कपडे कुठं तुझे?"

"कपाटात."

मी कप्पा उघडला. सगळे फ्रॉक घडी करून ठेवलेले होते, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे. कधी ठेवले कोण जाणे. मी बाजाराची कापडी पिशवी आणली आणि एकेक फ्रॉक त्यात भरायला लागले. तिनं माझा हात धरला.

"दोनच घे मामी. बाकीचे घरीच राहू दे," ती म्हणाली.

दाजी वसतिगृहाबद्दल काही बोलले नाहीत. मी पिशवीत करंज्यांचा डबा ठेवला, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले.