टॉवर बंद, टीव्ही मुका आणि नदीला पाणी

मित्रांनो, घाईत लिहायलोय, चुकलं तर माफ करा.

पालमला, आमच्या तालुक्याच्या गावी, माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय. आई-बाबा गोदाकाठच्या आमच्या गावात ऱ्हातेत. आज सकाळी दुकानात मोबाईलवर मेसेज आला: वरच्या धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठी जाऊ नका. बाबा तर रोज मेंढरं नदीच्या पात्रातच चारतेत.

फोन लावला, लागंना. गावातला टॉवर कालच्या वाऱ्यात बंद पडलेला. घरातला टीव्हीसुद्धा त्याच टॉवरच्या नेटवर चालतो, म्हणजे तोबी बंद. पत्र्यावरचा अँटेना जुना झाला म्हणून मीच काढून टाकला होता.

तशीच गाडी काढली. पोचलो तर आई निवांत शेंगा फोडत बसलेली.

"पाणी सोडलंय! बाबा कुठंयत?"

"नदीलाच गेलेत. आमाला कोण सांगणार?"

दोघं पळालो. बाबा काठावर चिखलात बसलेले. अर्ध्याहून जास्त मेंढरं वाहून गेली होती. "लय हाका मारल्या रे, माघारी फिरली न्हाईत," एवढंच म्हणले.

नेट गेलं तर बातम्या हवेतून अँटेनावर आणि अँटेना गेला तर नेटवरून, असं दोन्ही एकाच टीव्हीत चालतं म्हणतेत. असला टीव्ही आपल्या गावात कवा येणार?

आई-बाबांना पालमला आणलंय. बाकीचं गाव तिथंच हाय, टॉवर अजून बंदच. पुढचं पाणी सोडलं तर त्यांना कळणार कसं? कुणीतरी सांगा.