काळ्या पानांचा डेलिया

पडदेवाल्या काकूंचे यजमान शाळेची बस चालवायचे. एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता खुर्चीतच गेले. काकू रडल्या नाहीत. आठवड्याभरात पुन्हा मशीनवर बसल्या आणि कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्यांना चुण्या घालू लागल्या. लोक भेटायला येत, खालच्या आवाजात बोलत. काकू विचारत, "पंखा लावू का?"

सोबतीला राहिलेल्या नणंदेला ते बघवेना. एका रविवारी तिने काकूंना जवळजवळ ओढतच नर्सरीत नेलं.

"वहिनी, मागचं अंगण नुसतं ओसाड पडलंय. काहीतरी रंगीत लावा."

काकू डेलियाच्या रोपांपाशी थांबल्या. सगळी रोपं एकाच बियाण्याची, पण काहींची पानं हिरवी, तर काहींची जळालेल्या साखरेसारखी काळपट.

"ही द्या," काकू माळ्याला म्हणाल्या.

"अहो, करपलीयत ती!" नणंद म्हणाली.

"नाही हो, जातच तशी आहे," माळी हसला. "फक्त भरपूर ऊन द्या. सावलीत पानं हिरवट होतात."

काकूंनी एकेक रोप उजेडात धरून त्यातल्या त्यात काळी निवडली. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. हिरव्यागार झाडांकडे पाहिलं की आपल्याला बरं वाटायला हवं, असं त्यांना वाटायचं, आणि वाटायचं तर काहीच नाही. या पानांचं तसलं मागणं नव्हतं.

मागच्या भिंतीपाशी दिवसभर ऊन असे. तिथे त्यांनी रोपं लावली, आधाराला काठ्या रोवल्या. फुटवे यावेत म्हणून शेंडे खुडले, तेही उसवलेला दोरा तोडावा तसे.

मग एका सकाळी पाहतात तर पानांची चाळण झालेली. पानांखाली, काठीवर, जिकडे तिकडे गोगलगायी.

"मेल्यांनो!" काकू कडाडल्या. नणंद धावत दारात आली. "न सांगता-सवरता यायचं आणि होत्याचं नव्हतं करायचं? काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. काकूंना धाप लागली होती. थोड्या वेळाने ती ओसरली आणि त्या होत्या तशाच झाल्या. नणंदेने पदर खोचला आणि काकूंबरोबर गोगलगायी वेचून डब्यात टाकू लागली.

दोन झाडं गेली. उरलेली सावरली आणि काळ्या पानांवर लालभडक फुलं आली.

"दादाला किती आवडली असती," नणंद म्हणाली.

"छे, त्यांना फुलातलं ओ की ठो कळायचं नाही. कोबीचा गड्डा म्हणाले असते."

नणंदेला हसू फुटलं आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. काकूंनी खांद्यावरचा अस्तराचा तुकडा तिला डोळे पुसायला दिला. तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आपल्यालाही रडू येतंय का, याची त्यांनी थोडी वाट पाहिली. आलं नाही. हात मात्र त्यांनी काढला नाही.