साक्षीदाराची जागा

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आर्लिस हॉकन्सनने घर काही बांधलं नव्हतं, चाकं काढलेल्या एका जुन्या ट्रेलरमध्येच तिचा संसार होता. लग्नं मात्र तिने रग्गड केली, आणि ती सगळी दुसऱ्यांची.

मेस्कीट वेल्स गाव संपलं की वाळवंटाचा राष्ट्रीय पार्क सुरू होतो. तिथे लांबलांबून जोडपी लग्नाला येतात. कुणी घरच्यांना चुकवून पळून आलेलं, कुणी दुसरेपणाचं, कुणाला चारशे पाहुण्यांचं जेवण नको झालेलं. आली की आधी आर्लिसचा फोन वाजायचा. पार्कची परवानगी तीन आठवडे आधी मागायची, तीही तीच मागायची. कुठल्या खडकाशी किती माणसं चालतात, वारा किती वाजता सुटतो, ऊन डोंगराआड कधी जातं, सगळं तिला पाठ. नवरीला ती सांगायची, "झग्याखाली बूट घाल बाई, सँडल नको. फोटोत पाय दिसत नाहीत आणि काटे बघून टोचत नाहीत." तिच्या पिशवीत एक कंगवा असायचा. तो केसांसाठी नव्हता. चोया नावाच्या निवडुंगाचा काटेरी गोळा एकदा पायाला चिकटला की हाताने निघत नाही, कंगव्याने उडवावा लागतो. अक्षता टाकायच्या नाहीत, फुलांच्या पाकळ्या नाहीत, फुगे नाहीत. जमिनीवर काही म्हणता काही मागे राहता कामा नये, असा पार्कचा नियम होता आणि आर्लिस त्या नियमाची पार्कपेक्षा कडक राखण करायची.

लग्नही तीच लावायची. कायद्याने तिला तो हक्क होता. शपथा झाल्या, "आता घ्या एकमेकांची पापी" म्हटलं, की ती डावीकडे तीन पावलं सरकायची, म्हणजे फोटोत नुसतं जोडपं येतं, मध्ये चष्मा लावलेली बाई येत नाही. नाताळात लोक तिला ते फोटो पाठवायचे. ट्रेलरच्या भिंतीवर शेकड्याने लावलेले होते, आणि एकातही ती नव्हती.

आता अडचण अशी की लग्न लावणारी एक असली तरी कागदावर साक्षीदार लागतो, आणि लग्न लावणाऱ्याची सही साक्षीला चालत नाही. पळून आलेल्यांकडे साक्षीदार कुठून असणार? नऊ वर्षांपूर्वी मिनेसोटाचं एक जोडपं असंच हात हलवत आलं. आर्लिस धावत रस्त्यापर्यंत गेली. पार्कच्या नळावर एक उंच माणूस पाण्याचे कॅन भरत होता. एमेट स्टॉडर्ड. ज्यांच्याकडे विहीर नाही अशा घरांना टँकरने पाणी पोचवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि बायको जाऊन वर्ष झालं होतं.

"तुम्हाला सही येते का?" धापा टाकत आर्लिसने विचारलं.

"शाळेत तरी येत होती," तो म्हणाला.

त्याने स्वतःचं काळ्या शाईचं पेन खिशातून काढलं. त्या कागदाला निळी शाई चालत नाही, खाडाखोड चालत नाही, हे न सांगता कळलेला तो पहिला माणूस. त्या दिवसापासून आर्लिसच्या प्रत्येक लग्नाला साक्षीदार म्हणून एमेटच. इस्त्रीचा शर्ट, टोपी, खिशात पेन. कामाचा मोबदला ठरलेला: लग्न आटोपलं की गावातल्या खानावळीत कॉफी आणि नारळाच्या 'पाय'चा, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेल्या पदार्थाचा, एक तुकडा. तो बोलायचा बेताचंच, पण समोर बसायचा. चोवीस वर्षं एकटीने जेवलेल्या बाईला समोर बसणारं माणूस म्हणजे काय, हे दुकट्यांना कळायचं नाही.

आर्लिसचंही एकदा लग्न झालं होतं. सव्विसाव्या वर्षी, छावणीतल्या एका शिपायाशी, कचेरीच्या खिडकीपुढे, सात मिनिटांत. कारकुनाने बाहेरच्या बाकावरून कुणा माणसाला हाक मारून साक्षीला उभं केलं होतं. तो सही करून परत बाकावर जाऊन बसला. शिपाई पुढे बदलीवर गेला आणि तिकडचाच झाला. आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात पोळली, भाजली, निवृत्त झाली, आणि मग या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला लागली.

एक दिवस भिंतीवरचे फोटो पुसताना तिला एक गंमत दिसली. संध्याकाळी काढलेल्या फोटोंत ती नव्हती, पण खालच्या कोपऱ्यात वाळूवर दोन लांब सावल्या होत्या. दोन टोप्या, तिची आणि एमेटची, शेजारी शेजारी. एकात होत्या, दुसऱ्यात होत्या, अशा तिने चाळीस मोजल्या आणि मग मोजणं सोडून ती खुर्चीत बसली. एकसष्टाव्या वर्षी बाईने लाजावं का? ती लाजली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खानावळीत एमेटने पायचा अर्धा तुकडा बाजूला सारला.

"कोरीने खोली रंगवलीय माझ्यासाठी," तो म्हणाला. कोरी त्याचा मुलगा, वर आयडाहोत राहायचा. "म्हणतो, बाबा, आता पुरे झालं एकट्याने. एक एप्रिलला निघतो."

"तिथे बर्फ पडतो," आर्लिस म्हणाली.

"पडतो म्हणतात."

"तुला थंडी सोसत नाही."

"नात आहे तिथे. चार वर्षांची. मला फोनवर गाणी म्हणून दाखवते."

आर्लिस घरी आली आणि तिने जे केलं ते जगात फक्त लग्नं ठरवणारी बाईच करू जाणे. तिने दिवस मोजले. एक एप्रिलच्या आत परवानगी हवी तर अर्ज लगेच जायला हवा होता, कारण तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. एमेटला विचारायला वेळ पडलाय, अर्जाला नाही, असा हिशेब करून तिने पार्कचा अर्ज उघडला. प्रसंग: विवाह. माणसं: दोन. वधू: आर्लिस जून हॉकन्सन. वर: एमेट ऑर्विल स्टॉडर्ड. तारीख: सत्तावीस मार्च, चार ते सहा. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर नवऱ्याचंही बाशिंग हिनेच बांधलं.

जागा तिने घळीतल्या वाकड्या खडकाची निवडली. तिथे वारा येत नाही आणि शेवटचं ऊन सर्वांत उशिरापर्यंत राहतं. नऊ वर्षं तिने ही जागा एकाही गिऱ्हाइकाला दिली नव्हती. "तिकडे दरड कोसळलीय" असं धडधडीत खोटं सांगायची. कशासाठी राखून ठेवली होती, ते तिचं तिलाही त्या दिवशीच कळलं.

परवानगी आली. विचारायचं तेवढं राहिलं. तिने तीनदा तोंड उघडलं. एकदा वाऱ्याबद्दल बोलली, एकदा पायमध्ये नारळ कमी झालाय म्हणाली, तिसऱ्यांदा त्याच्या टायरची हवा तपासायला सांगितली. परक्या माणसांना हजारदा "तुम्ही याला स्वीकारता का" विचारणारी बाई ही! शेवटी म्हणाली, "सत्तावीसला एक लग्न आहे. शेवटचं. येशील ना?"

"न येऊन सांगतो कुणाला," एमेट म्हणाला.

सत्तावीसला तो चारच्या ठोक्याला हजर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. आर्लिसने निळा झगा घातला होता आणि खाली बूट.

"आज काय थाट, बाईसाहेब! नवरीला झाकून टाकशील," तो म्हणाला. "कुठली मंडळी आहेत?"

"इथलीच."

"इथली? आणि उशीर?" त्याने रस्त्याकडे पाहिलं. "वेळ पाळत नाहीत म्हणजे खरंच इथली."

दोघं खडकावर बसली. साडेचार झाले. एमेट म्हणाला, "नवरा पळाला की काय?" आर्लिस पिशवीतला कंगवा उगाच शोधायला लागली.

एवढ्यात पार्कची गाडी थांबली. टेसा नावाची तरुण रेंजर उतरली. आर्लिसला ती ओळखत होती, पण कागद बघायची तिची ड्यूटी होती.

"आर्लिसबाई, तुमचा कागद काय बघायचा, पण बघते हं." तिने घडी उघडली, वाचलं, आणि तिचा चेहरा फुलला. "अगंबाई! तुम्ही? आणि हे... अभिनंदन! अहो, ऑफिसात कुणी बोललंच नाही!"

आर्लिसचा चेहरा पाहून टेसाच्या लक्षात आलं की आपण भलतंच बोललो. तिने कागद घडी घालून परत दिला, "पाणी पीत राहा," एवढं म्हणाली आणि निघून गेली.

मग एमेटने हात पुढे केला. आर्लिसने कागद दिला. त्याने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"मधलं नाव बरोबर लिहिलंयस," तो म्हणाला. "मी तर कुणाला सांगत नाही ते."

"तीनशे वेळा माझ्यासमोर लिहिलंयस."

"लग्न लावणार कोण होतं?"

आर्लिसने पिशवीचा बंद सोडला आणि परत बांधला.

"तू स्वतःचं लावू शकत नाहीस. आणि कचेरीतला लग्नाचा कागद? त्यासाठी दोघांना जावं लागतं." त्याचा आवाज रागाचा नव्हता. रोजच्यासारखा एकेक गोष्ट तपासत होता. "आणि आर्लिस, साक्षीदार कोण?"

तिने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. ऊन, वारा, बूट, कंगवा, पाण्याचे कॅन, सगळं आठवणीने आणलं होतं. साक्षीदाराचा विचारच केला नाही, कारण साक्षीदार म्हटलं की एमेट. आणि आता विचार केला तरी नाव सुचेना. छत्तीस वर्षं या गावात काढली. भिंतीवर एवढी माणसं. पण ये, माझ्यासाठी एक सही कर, असं फोन करून जिला म्हणावं अशी एकही व्यक्ती तिला आठवली नाही. तिला रडू आलं. लग्न मोडल्याचं नव्हे, या गोष्टीचं आलं.

"तूच," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाहीच मला."

एमेटने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग नीट विचार तरी," तो म्हणाला. "कागदाने नको. तोंडाने विचार."

तिने डोळे पुसले. "एमेट, जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर. इथे राहा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही गं. त्या पोरीला मी येतो म्हणून सांगितलंय. तिने भिंतीवर दिवस लिहून ठेवलेत, रोज एक खोडते."

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तरी विचारलंस. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. रूथच्या वेळी मीच विचारलं होतं."

रूथ त्याची गेलेली बायको. इतक्या वर्षांत त्याने तिचं नाव आर्लिससमोर पहिल्यांदा घेतलं होतं. त्याने खिशातून काळं पेन काढलं, परवानगीचा कागद गुडघ्यावर पसरला आणि तळाच्या मोकळ्या जागेत, हळूहळू, मधल्या नावासकट सही केली. खाली तारीख घातली.

"हे काय करतोस? त्यावर साक्षीची जागा नसते."

"तू विचारलंस, याला मी साक्षीदार," तो म्हणाला. "उद्या तुझं तुलाच वाटेल की स्वप्न होतं. तर ठेव."

परवानगी सहापर्यंतची होती. दोघं सहापर्यंत बसून राहिली. त्याने तिला नातीचं गाणं म्हणून दाखवलं, भसाड्या आवाजात, आणि मधल्या दोन ओळी विसरला. ऊन वाकड्या खडकावरून सर्वांत शेवटी उतरलं, तिला माहीत होतं अगदी तसंच. सहा वाजता आर्लिस उठली आणि सवयीने जमीन तपासायला लागली, एखादी टाचणी, एखादी पाकळी राहिली असेल तर. काही नव्हतं. बुटांचे ठसे होते, ते वारा पुसणार होता.

"खानावळीत पाय खायला येतेस?" एमेटने विचारलं.

"आज नको."

"बरं." त्याने टोपी घातली. "टायरची हवा तपासली मी. तू म्हणाली होतीस म्हणून."

त्याची गाडी घळीतून बाहेर वळली. आर्लिस कागद छातीशी धरून पाहत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या होतो तिथे नाही. डावीकडे तीन पावलं सरकलो आहोत. सवयीने. समोर फोटो काढणारं कुणी नव्हतं, आणि सरकून मोकळी केलेली ती जागा तशीच मोकळी होती.