पाठीला पत्रा, पत्र्याला पंख

दुष्काळी सालात आमच्याकडं विहिरीत पाणी साचत नाही, किस्से तेवढे साचतात. माणसं बसून असतात, बोलायला वेळच वेळ! त्यातले हे आमच्या टोळीचे.

नळदुर्गच्या अलीकडं आमची सहकारी उपसा सिंचन संस्था होती आणि मी तिच्या पंपावर ऑपरेटर होतो. तळ्याचं पाणी काठावरच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे खोल पक्क्या विहिरीत यायचं आणि तिथून मोटर ते वर ओढायची. त्या उन्हाळ्यात शेतीचं पाणी बंद झालं आणि चार गावांचं पिण्याचं पाणी आमच्या एका मोटरवर आलं. आणि नेमका तेव्हाच फूटव्हॉल्व्ह तुंबला! फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाचं पाण्यातलं तोंड. मोटर नुसती गुरगुरायची, थेंब येत नव्हता. पट्टीचे पोहणारे बुड्या मारून आले, पण तळाशी काम करण्याइतका दम कुणाचाच पुरेना.

मग आम्हाला आनंदा वाघमारे आठवला. आमच्याच गावचा, नेव्हीत पाणबुड्या होता आणि पेन्शन घेऊन नुकताच परतलेला. त्यानं मुंबईच्या ओळखीच्या ठेकेदाराकडून हवेची टाकी आणि तोंडात धरायची नळी मागवली. टाकी एस.टी.च्या टपावरून आली. राहिला एकच प्रश्न: ती पाठीवर बांधायची कशी?

*

आमचे चेअरमन रावसाहेब म्हणजे ठरावाचा माणूस. चहा मागवायचा असला तरी म्हणायचे, "सूचक मी. अनुमोदक कोण?" कुणाचा तरी हात वर झाल्याशिवाय चहा येत नसे!

त्यांनी लगेच मीटिंग बोलावली. आनंदानं उभं राहून समजावलं, "दोन तऱ्हा हायती, साहेब. एक गळ्यात घालायचं जाकीट. त्यात हवा भरली की ते छातीवर फुगतं. दुसरी तऱ्हा, पाठीला लोखंडी पत्रा, त्याला पट्टे, आन पत्र्यामागं हवेचा पंख. हवा भरली की वर, सोडली की खाली. पुढची बाजू मोकळी. मला दोनी हातांनी चिखल उपसायचाय, छातीवर फुगा घिऊन कसं जमंल?"

रावसाहेबांनी संचालकांच्या पोटांवरून एकवार नजर फिरवली. "म्हंजे पुढं फुगलेला माणूस तळाला कामाचा न्हाय म्हणता? मग हितनं कुणाला उतरवायचा प्रश्नच मिटला!"

ठराव एकमतानं पास. पत्रा आणि पंख!

*

आता पत्रा कशाचा? एक संचालक म्हणाले अॅल्युमिनियमचा घ्या, हलका पडेल. आनंदा म्हणाला, "हलका कशाला? टाकीतली हवा सरत आली की ती वर वढती. लोखंड घेतलं तर कमरंला येगळे दगड बांधाया नकोत."

पंपहाऊसमध्ये जुन्या स्टार्टरच्या पेटीचं जाड लोखंडी दार पडलं होतं. लोहारानं ते पाठीच्या मापानं कापलं, मधोमध कण्यासाठी खोलगट वाक दिला, पट्ट्यांसाठी भोकं पाडली. काम असं झकास झालं की आम्ही सगळ्यांनी एकेकदा पाठीला लावून पाहिलं. फक्त रंग काढायचा राहून गेला. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं तसंच होतं: "धोका! हात लावू नये!"

पट्टे शिवायला आम्ही तो शांताक्काकडं नेला. शांताक्का म्हणजे गावातलं एकमेव शिवणयंत्र आणि एकमेव बिनधास्त तोंड. तिनं पत्रा उलटसुलट करून वाचला आणि आनंदाकडं बघितलं.

"ह्ये तुज्या बायकूनं लिवलं व्हय रं?"

*

तिथंच पट्ट्यांचं माप घेतलं. नायलॉनची निवार, खांद्यावरून कमरेपर्यंत एकसलग. आनंदानं एक पट्टा जास्तीचा मागितला.

"ह्यो कुठं लावायचा?" शांताक्कानं विचारलं.

"त्यो... मागनं म्होरं. पायांमधनं. पत्रा वर सरकाया नको म्हणून."

"मग सरळ लंगोट म्हण की! मी पैलवानाच्या घरात नांदलेली हाय. बंदुकीला भ्याला न्हाईस तू, आन लंगोटाला लाजतूस!"

नेव्हीतला गडी कानापर्यंत लाल झाला. पण पट्टा असा पक्का शिवला होता की बैल लावून ओढला तरी निघाला नसता.

*

पंखासाठी आम्ही हायवेवर इस्माईलभाईच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. ट्रकची ट्यूब, जीपची ट्यूब, स्कूटरची ट्यूब, तिन्ही हवा भरून ओळीनं मांडल्या. आनंदाला जीपची पसंत होती. पण रावसाहेबांनी तिथंच हात वर करायला लावले आणि बहुमत पडलं ट्रकच्या ट्यूबला. संस्थेच्या इभ्रतीला शोभेल अशी मोठी वस्तू हवी ना!

इस्माईलभाई म्हणाला, "साब, नक्को. इत्ती हवा पीठ पे लेको इने नीचे कैसा रहता?"

पण ठराव म्हणजे ठराव! शेजारची एक खाऱ्या पाण्याची विहीर तेवढी आटली नव्हती, तिच्यात चाचणी घेतली. आनंदा खाली गेला, ट्यूबमध्ये थोडे श्वास फुंकले आणि जो सुटला म्हणता! कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळला आणि धपकन आपटला. कठड्यावर वाकून बघणारे रावसाहेब टोपीपासून धोतरापर्यंत चिंब झाले.

इस्माईलभाईनं त्यांच्या हातात फडकं दिलं. "मैं बोल्या था ना साब. हवा कू बहुमत नै समझता!"

जीपची ट्यूब बिनविरोध निवडून आली. शांताक्कानं तिला ताडपत्रीचं कव्हर शिवलं आणि पंख तयार झाला.

*

कामाच्या दिवशी आधी पूजा. नवं यंत्र आणि पूजा नाही, असं आमच्याकडं होतच नाही. पत्र्याला हळदकुंकू लागलं, पंखाला हार पडला. रावसाहेबांनी नारळ उचलला आणि फोडायला नेमकी टाकीच्या तोटीची जागा निवडली!

आनंदानं लहान लेकरासारखी टाकी पोटाशी धरली. "साहेब! हिच्यात लई दाबाची हवा हाय! दगडावर फोडा, न्हायतर माज्या डोक्यावर फोडा, पर हितं नको!"

*

नारळ दगडावर फुटला आणि पत्र्याला बांधलेल्या दोरीचं टोक माझ्या हातात देऊन आनंदा उतरला. जॅकवेलभोवती चारी गावांची माणसं जमली होती. बायका सकाळपासून घागरी घेऊन ओळीनं बसलेल्या. आनंदाची बायको त्यांच्यात, घागर मांडीवर घेऊन. आज जमलं नाही तर उद्यापासून गावं सोडायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

पाण्यावर बुडबुडे येत होते तोवर मला धीर होता. गढूळ पाण्यात दुसरं काहीच दिसत नव्हतं. बराच वेळ ते एका जागी येत राहिले, मग एकदम खूप आले आणि पाणी ढवळून निघालं.

भस्सकन पंख वर आला! फुगून टम्म झालेला, पाठीला पत्रा, पत्र्याला टाकी, सगळं जागच्या जागी. फक्त पट्ट्यांत माणूस नव्हता.

आनंदाच्या बायकोच्या मांडीवरची घागर घरंगळत कठड्याला जाऊन आदळली, तेवढाच आवाज. मी दोरी ओढली तर पत्र्याच्या भोकांतून गाठ मारलेलं काहीतरी खाली लोंबत होतं. बाभळीचा बुंधा, त्याला वेढलेलं मासे धरायचं जाळं, गोणपाटं, चिखल. हेच फूटव्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसलेलं! बुंधा वर आला, पण आमचा माणूस कुठं होता?

रावसाहेबांनी टोपी काढली. डोळे भरून आले होते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जन्मभराची सवयच येते.

"आपले... आपले आनंदराव वाघमारे," ते कसंबसं म्हणाले, "चार गावांच्या पाण्यापायी गेले. ही सभा दुखवटा व्यक्त करते. सूचक मी." त्यांनी सभोवार बघितलं. "अनुमोदक कोण?"

माना खाली गेल्या. एकही हात वर होईना.

आणि आमच्या अगदी पायाखाली, जॅकवेलच्या लोखंडी शिडीवरून, चिखलानं माखलेला एक हात कठड्यावर आला.

"अनुमोदन!" आनंदा धापा टाकत म्हणाला. "बुंधा पंखाला बांधून वर धाडला, आन मी शिडी धरली. आता मोटर लावा की!"