साहेबांचा हरणारा क्लब

ऑस्ट्रेलियात फुटबॉल म्हणून जो प्रकार खेळतात त्याचा मला आता मनापासून राग येतो. खेळाचा तसा काही दोष नाही. लंबगोल चेंडू, हातानेही मारायचा, पायानेही मारायचा, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, आणि थोडक्यात चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण. चुकल्याचासुद्धा गुण देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. आमचे काका तर पहिल्याच दिवशी यावर खूश झाले होते. "बरो खेळ आसा," म्हणाले, "चुकलो तरी कायतरी हातात पडता."

काका म्हणजे आमच्या मस्कतच्या ऑफिसातले सीनियर ड्राफ्ट्समन. कुडाळकडचे. पाऊस झाला की डोंगरातून वादीचं, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या ओढ्याचं, पाणी लोंढ्याने येतं आणि रस्ता घेऊन जातं, म्हणून रस्त्याखाली मोऱ्या बांधाव्या लागतात. त्या मोऱ्यांची डिझाइनं मी करायचो, ड्रॉइंगं काका काढायचे. त्यांची हयात ओमानमध्येच गेली होती. बायको आणि मुलगी गावी, हे मस्कतच्या वादी कबीर भागात एका खोलीत. मुलगी फार्मसीला होती. तिचं शिक्षण पुरं व्हायला दोन वर्षं उरली होती, आणि काकांना या जगाकडून तेवढीच दोन वर्षं हवी होती. कुणी विचारलं की कधी जाणार परत, की ते दोन बोटं दाखवायचे.

आमचे साहेब मेलबर्नचे. सेक्शनचे मुख्य. बायको-मुलं परत गेलेली, आणि हा माणूस कुरम या महागड्या भागातल्या एका मोठ्या व्हिलात एकटा. रविवारी आमचा आठवडा सुरू व्हायचा तेव्हा ते तोंड पाडून यायचे. विचारलं की म्हणायचे, हरलो. सुरुवातीला मला वाटलं पत्त्यात हरतात. मग कळलं की त्यांच्या उपनगराचा एक फुटबॉल क्लब आहे, आजोबांपासून घरात चालत आलेला, आणि तो क्लब वर्षानुवर्षं तळाला आहे.

"बापडो एकटोच बसान हरता," काका मला म्हणाले. "जावया एकदा सोबतीक."

असे आम्ही त्या क्लबाचे चाहते झालो. मेलबर्नची दुपार म्हणजे आमची सकाळ, शनिवारी सुट्टी, त्यामुळे नाश्ता आणि मॅच एकत्र. काका डबाभर घावणे करून आणायचे. इब्रा गावचा एक तरुण ओमानी इंजिनियर आमच्या सेक्शनला होता, तोही यायचा, थर्मासमधून कहवा घेऊन. त्याला हा खेळ फुटबॉलच वाटत नव्हता, पण वाद घालायला माणसं मिळतात म्हणून यायचा. साहेबांनी एक ग्रुप केला फोनवर, आणि मॅच बघायच्या अॅपचा पासवर्डही आम्हा तिघांना देऊन टाकला. साहेबाच्या घरी साहेबाच्या सोफ्यावर बसून आपण साहेबाबरोबर हरतोय, याची एक ऊब असते. ती मला आवडत होती, खोटं कशाला बोलू.

मॅच हरणं अर्ध्यातच ठरून जायचं. उरलेला वेळ वाद. मेलबर्नचे चाहते इंटरनेटवर पानंच्या पानं लिहायचे आणि साहेब ते संतापून मोठ्याने वाचून दाखवायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच: या क्लबात लूजिंग कल्चर आहे. हरायची सवय मुरली आहे. जुन्या खेळाडूंना हरल्याचं काही वाटत नाही, मॅचचा चौथा, शेवटचा क्वार्टर संपला की हसत हसत बाहेर येतात. नवं चांगलं पोरगं आलं की त्यांच्यात बसून तेही बिघडतं, नाहीतर दुसरा क्लब बघून निघून जातं. जुनी खोडं उपटा, मगच काही होईल.

ओमानी पोराला हे पटायचं. "सर, ये लोग सही बोलता है," तो म्हणायचा. "हारने का आदत हो गया. पुराना प्लेयर निकालो. नहीं तो आप टीम बदलो. खलास."

यावर साहेब लालबुंद व्हायचे. लूजिंग कल्चर असं काही नसतंच, ते म्हणायचे. हरायची सवय खेळाडूला लागत नाही, खेळाडूवर खापर फोडायची सवय वरच्यांना लागते. कमिटी दर थोड्या दिवसांनी कोच बदलते, चुकीची माणसं विकत घेते, आणि मग म्हणते पोरांमध्ये दम नाही. नव्या कोचला निदान दोन वर्षं तरी द्या.

"दोन वर्सां तरी देवक होयी," काका मान हलवायचे.

मी या वादात साहेबांच्या बाजूने होतो, आणि तो मस्का नव्हता. कल्चर हा शब्द कुणी काढला की माझं टाळकं सरकतं. मी वाढलो ती नागपुरातली वस्ती, कोपऱ्यावर बुद्धविहार, नळाला दिवसाआड पाणी. आमच्या शाळेत एक मास्तर होते. वस्तीतला एखादा पोरगा नापास झाला की ते हात झटकायचे आणि म्हणायचे, यांच्यात शिकायचं वळणच नाही. त्या पोराच्या घरी दिवा होता का, पुस्तक होतं का, ते स्वतः वर्गात कधी येत होते, हे कुणी विचारायचं नाही. खाली असलेल्या माणसाला खाली का आहेस ते विचारण्याऐवजी तुझा स्वभावच तसा आहे म्हणून सांगणं सोपं असतं. त्यामुळे हा गोरा माणूस तळाच्या लोकांसाठी घसा कोरडा करतो आहे, हे बघून मला त्याच्याबद्दल खरंच प्रेम वाटायचं. असा बॉस मिळायला भाग्य लागतं, असं मी घरी बायकोला सांगितलं होतं. आता ती अधूनमधून त्याची आठवण करून देते.

त्या वर्षी आमच्या हातून टेंडरं गेली. एक गेलं, दुसरं गेलं, मग बरक्याच्या रस्त्याचं मोठं कामही गेलं. ड्रॉइंगांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. रेट वरचे लोक ठरवायचे, तेही शेवटच्या घटकेला, आणि सोडून गेलेल्या माणसांच्या जागा कधी भरल्या गेल्या नाहीत. हे ऑफिसातला चहावालासुद्धा सांगू शकला असता. मग ऐन उन्हाळ्यात साहेबांनी मीटिंग बोलावली, स्क्रीनवर दोन-चार आलेख दाखवले आणि म्हणाले की या सेक्शनमध्ये लूजिंग कल्चर आहे.

मी आधी हसलोच. मला वाटलं गंमत करतायत. पण ते पुढे बोलत राहिले. हरायची सवय मुरली आहे. जुन्या लोकांना टेंडर गेल्याचं काही वाटत नाही. नव्यांवर त्याचा परिणाम होतो. जुन्यांनी जागा मोकळी केली पाहिजे. मेलबर्नच्या त्या चाहत्यांची वाक्यं, ज्यांना हे दर शनिवारी शिव्या घालत, ती जशीच्या तशी उचलून त्यांनी आमच्यापुढे मांडली.

काका माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "क्लबाचो विषय आज हंयसर कित्याक?"

संध्याकाळी काकांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले. टेबलावरच्या स्केलपट्ट्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, पुन्हा बाहेर काढल्या, आणि बसून राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले की व्हिसा कॅन्सल होतोय, महिना दिलाय. मुलीचं काय करणार, असं मी विचारलं नाही. दोघांच्याही मनात तेच होतं.

मी केबिनमध्ये गेलो. नीट बोलायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही. म्हटलं, "सर, तुम्ही शनिवारी याच्या बरोबर उलट सांगता. दोन वर्षं द्या म्हणता. त्या माणसालाही दोनच वर्षं हवी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि तेच मला अजून सलतं. पकडला गेलेला माणूस असा दिसत नाही.

"पण ते फुटबॉल आहे," ते म्हणाले. "त्या क्लबवर माझं प्रेम आहे. हे काम आहे."

आमची चूक काय झाली ते मला त्या दिवशी कळलं. हा माणूस हरणाऱ्यांना सोडत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. दर शनिवारी डोळ्यांनी बघत होतो ना. पण न सोडण्याचा त्याचा जो काही साठा होता तो सगळा त्या क्लबावर खर्च झालेला होता. आमच्यासाठी त्यातलं काही शिल्लक नव्हतं, आणि तसं असायला पाहिजे हे त्याच्या मनात कधी आलंही नव्हतं. आम्ही त्याच्याबरोबर बसून हरत होतो, पण तेवढ्याने काही त्याच्या क्लबात आलो नव्हतो.

माझ्यानंतर ओमानी पोरगा आत गेला. काच बंद असूनही त्याचा आवाज बाहेर येत होता. शनिवारी जुने प्लेयर काढा म्हणून जो भांडायचा, तो काकांसाठी साहेबाशी भांडत होता. उपयोग झाला नाही. बाहेर आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "मैं मैच का बात बोलता था. काका का नहीं." हे त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

निरोपाच्या दिवशी केक कापला. साहेबांनी भाषण केलं, चांगलं केलं, त्यांचे डोळेही पाणावले. मग त्यांनी काकांच्या गळ्यात क्लबाचा स्कार्फ घातला. लोकरीचा, मेलबर्नच्या थंडीसाठी विणलेला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. काका तो स्कार्फ गळ्यात ठेवून सगळ्यांशी हात मिळवत फिरले, घामाच्या धारा लागल्या तरी काढला नाही. विमानतळावर त्यांना ओमानी पोराने आपल्या गाडीतून सोडलं.

मी राजीनामा दिला नाही. माझी मुलगी वादी कबीरच्या शाळेत बारावीला होती आणि ते वर्ष मोडता येत नव्हतं. पण शनिवारचं जाणं मी बंद केलं. साहेबांनी दोनदा विचारलं, मी मुलीच्या क्लासचं कारण दिलं. बायको म्हणाली, "तुम्ही तिथे मॅच बघायला जात होतात की नोकरी सांभाळायला?" मी म्हटलं दोन्ही. "मग नोकरी राहिली की," ती म्हणाली, आणि पोळ्या लाटायला लागली.

ग्रुप मात्र चालूच होता. साहेब दर शनिवारी लिहायचे, आज बघा, आज पोरं जिंकणार. मी वाचायचो आणि आतल्या आत चरफडायचो. ओमानी पोरगा केव्हाच बाहेर पडला होता. खाली एक अंगठा मात्र न चुकता यायचा. काकांचा.

पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो आणि बायकोच्या नात्यातल्या एका लग्नासाठी कुडाळला जावं लागलं. शनिवारी सकाळी रिक्षा करून काकांकडे गेलो. काकू बाहेर आमसुलं वाळत घालत होत्या. काका आत आहेत म्हणाल्या. मुलगी कुठे, मी विचारलं. कुडाळच्या बाजारात एका मेडिकलच्या दुकानात जाते, त्यांनी सांगितलं. मालक चांगला आहे. शिक्षण मधेच राहिलं, पुढे बघू. हे सगळं त्या हातातल्या आमसुलांकडे बघत बोलल्या. दोन वर्षांतलं एक वर्ष तर असंच निघून गेलं होतं.

काका आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर स्कार्फ घडी करून ठेवला होता, त्याच्यावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता, आणि मोबाईलवर मॅच चालू होती. साहेबांचा पासवर्ड अजून चालत होता. नोकरी काढून घेतली, पासवर्ड ठेवला.

माझं डोकं फिरलं. मस्कतहून एवढ्या लांब आलेला पाहुणा मी, कसे आहात विचारायचं सोडून मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, काका, त्या माणसाने तुमचं वाटोळं केलं. तुमची पोरगी दुकानात बसते आणि तुम्ही त्याचा क्लब बघता? त्याला अंगठे पाठवता? लाज कशी वाटत नाही तुम्हाला? काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मला थांबता येत नव्हतं.

काकांनी आवाज बारीक केला. माझ्याकडे शांतपणे बघितलं. मला समजायला हवं होतं असं काहीतरी मला समजलेलं नाही, असा तो चेहरा होता.

"क्लबान खंय माका काढल्यान?" ते म्हणाले.

मग त्यांनी पाय आवरले आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसलो. नेटमुळे चित्र अडकत होतं, सुटत होतं. शेवटचा क्वार्टर सुरू झाला होता आणि आम्ही हरत होतो.