पहारा कुठे सोडावा

आमच्या ऑफिसातल्या सीनियर सरांइतका जगावर अविश्वास ठेवणारा, आणि तरीही कधी कुणाला न दुखावणारा माणूस अख्ख्या पनवेलात झाला नसेल. समोर बसलेल्या माणसाशी बोलण्याआधी ते विचारत, "आहात ना?" आणि तो हो म्हणाला की मगच विषयाला हात घालत. खुर्चीवर बसण्याआधी तिला हात लावून बघत. चहावाल्याला रोज "हा कप माझाच ना?" असं विचारत, आणि तो बिचारा "तुमचाच हाय साहेब, कालपन तुमचाच व्हता" असं रोज सांगत असे. रिक्षा स्टँड डोळ्यांसमोर दिसत असताना रांगेतल्या शेवटच्या माणसाला "स्टँड इथेच आहे ना?" असं विचारताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. लोक हसत. मीही हसायचे, पण त्यांच्यामागे. एक तर ते माझे साहेब, त्यातून नवीन पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे.

हा सगळा प्रकार त्यांच्या कामातून आला होता. नव्वदीच्या दशकातली शेवटाकडची वर्षं. एसटी स्टँडजवळ टायरच्या दुकानावर आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती आणि सर एका परदेशी गिऱ्हाइकासाठी गार्बेज कलेक्टर लिहीत होते, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीत साठलेला निरुपयोगी माल काढून टाकणारा प्रोग्राम. माझ्या सासूबाईंनी याचा अर्थ नगरपालिकेच्या कचरा खात्यात नोकरी असा लावला आणि चाळिशी आली तरी या गृहस्थांचं लग्न का जमत नाही, हे कोडं त्यांच्यापुरतं सुटलं. मी टेस्टिंगला होते. सर जे लिहीत ते मोडून बघायचं, हा माझा पगाराचा उद्योग.

"हा कचरेवाला नुसता कचरा काढत नाही, मॅडम," सर मला समजावत. "चांगल्या वस्तूही उचलून दुसरीकडे मांडतो, आणि तेही घरात माणसं वावरत असताना. जुन्या जागी नव्या पत्त्याची पाटी ठेवतो. म्हणून कुठलीही वस्तू वाचायच्या आधी पाटी आहे का, ते बघायचं." या बघण्याला रीड बॅरिअर म्हणतात. सर त्याला पहारा म्हणत. पण प्रत्येक वाचनावर पहारा बसवला की प्रोग्रामची गोगलगाय होते, आणि आमचं गिऱ्हाईक वेगासाठी घायकुतीला आलं होतं. तेव्हा हा पहारा कुठे बिनधोक सोडता येईल, हे शोधणं सरांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांना दोन जागा सापडल्या होत्या. आत्ताच बघितलंय आणि मधे कचरेवाल्याला हात घालायला फुरसतच मिळालेली नाही, तर पुन्हा बघायला नको. आणि काही वस्तू इतक्या अवजड असतात की त्यांना कुणी हलवतच नाही, तिथेही नको. एवढ्याने गिऱ्हाइकाचं समाधान होत नव्हतं.

बाजारात एखाद्या बंद शटरवर 'दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे' अशी पाटी दिसली की सर थांबून तिच्याकडे कौतुकाने बघत. त्यालाही कारण होतं. एकदा घाईघाईत ते त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे पँटचं कापड टाकून आले. आत शिंपी होता, गळ्यात टेप होती, त्याने माप घेतलं, "शनिवारी या" म्हणाला. शनिवारी गेले तर दुकानाला कुलूप, बाहेर नव्या पत्त्याची पाटी, आणि नव्या पत्त्यावर तो शिंपी शपथेवर सांगतो की जुनं दुकान सोडून मला महिना झाला. कापड अजून कुणाकडे आहे कोण जाणे. मी म्हटलं, तुम्हाला भास झाला असेल. सर म्हणाले, "जुनी जागा ओसाड दिसली असती तर प्रश्नच नव्हता. ती पूर्वीसारखीच दिसते. विचारलं तर उत्तरही देते. फक्त ती वस्तू आता तिथे नसते." भर दुपार होती, खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर बरेच दिवस मी बिल्डिंगच्या वॉचमनच्या नमस्कारालाही जरा बिचकूनच उत्तर देत होते.

या सगळ्या पहाऱ्यातून एक माणूस सुटला होता, तो म्हणजे सरांचे वडील. आप्पा गुडघ्यांनी घरातच जखडलेले. सकाळी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले की रात्रीच उठायचे. "आप्पांना काय विचारायचं? ते हलणाऱ्यातले नाहीत," असं सर म्हणत, आणि कुलूप उघडता उघडताच त्यांच्याशी बोलायला सुरुवात करत. खालून मला ऐकू येई. जगात कुणाशी तरी ते असं सरळ बोलतात, याचं मला बरं वाटे.

एका संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे एकाच रिक्षाने आलो. ते वर गेले, मी भात टाकला. थोड्या वेळाने बेल वाजली. सरांकडे कामाला येणाऱ्या सुकापूरच्या मावशी दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"साहेब आले काय हापिसातून?"

"आले की. वर आहेत. का?"

"आप्पांना दुपारी दवाखान्यान नेला. वाटेवरच गेले ते. तुमचे हापिसान फोन लावून दमलो, लागतच नाय." रस्ता खणल्यामुळे आमच्या ऑफिसची लाइन दोन दिवस मेलेलीच होती.

आम्ही वर धावलो. दार उघडंच होतं. सर गॅलरीत स्टुलावर, वेताच्या खुर्चीकडे तोंड करून बसले होते. कठड्यावर चहाचे दोन कप, दोन्ही संपलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आप्पांचा आत्ताच डोळा लागलाय."

खुर्ची रिकामी होती. मावशींनी तिकडे बघितलंही नाही. दारातूनच म्हणाल्या, "साहेब, आप्पा हितं नाय."

सरांनी हात पुढे केला आणि खुर्चीच्या बैठकीवरून फिरवला. "मी बघितलं नाही," ते म्हणाले. "आल्यावर एकदा बघायला हवं होतं."

आप्पांचे दिवस झाल्यावर ते कामावर आले, पण विचारणं बंद झालं होतं. कुठेही बसत, कुणाचाही कप उचलत. चहावाला आपण होऊन "साहेब, तुमचाच हाय" म्हणे आणि सर नुसती मान हलवत. आम्हाला सगळ्यांनाच ते फार वाईट वाटत होतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट अडकली होती, आणि ती त्यांनी मला एकदाच विचारली: "त्या संध्याकाळी मी आप्पांकडून जे ऐकलं, ते माझं म्हणून ठेवायचं की खोटं म्हणून टाकून द्यायचं?"

नंतर एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तिसरी जागा सापडली. वस्तू घडते तेव्हाच जे भरलं जातं आणि पुढे कधी बदलत नाही, ते जुन्या प्रतीतून वाचलं काय, नव्या प्रतीतून वाचलं काय, उत्तर तेच. तिथे पहारा नको. मात्र जुनी जागा पुसली जायच्या आत वाचायला हवं."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक खूश होईल, सर."

ते टेबलापासून हलले नाहीत. "आप्पांनी त्या दिवशी काय विचारलं, सांगू? जेवलास का. मी म्हटलं, आप्पा, आत्ता कुठे साडेसहा वाजतायत. तर म्हणाले, मग चहाबरोबर काहीतरी खा. कळायला लागल्यापासून हा माणूस माझ्याशी याच्यापलीकडे काही बोललेला नाही." ते थोडंसं हसले. "हे कधीच बदललं नव्हतं, मॅडम. मग मी ते कुठूनही वाचलं असलं तरी बरोबरच ना? तुम्ही टेस्टिंगच्या, तुम्ही सांगा."

त्यांचा तो प्रोग्राम मी पुढे कित्येक आठवडे नाना तऱ्हांनी मोडायचा प्रयत्न केला आणि तो मोडला नाही. पण ही दुसरी गोष्ट मी तिथल्या तिथे, काहीही न तपासता, बरोबर आहे म्हणून सांगून टाकली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी असं एवढं एकदाच केलं, आणि आज सरांनी पुन्हा येऊन विचारलं तरी तेच सांगेन.